बिनपोटाची हमरी

"सुटलीस गं बाई," बी नुरू म्हणाली, आणि मी "हो" म्हटलं.

पिठाच्या दुकानात उभी होते. रमजानचा शेवटचा रोजा, ऊन अंगावर आलेलं, घसा कोरडा. दोन किलो मैदा, यीस्टची पुडी, मूठभर वेलदोडे, एवढंच मागितलं होतं. माझ्यापुढे बी नुरू होती. आमच्या मोंबासाच्या जुन्या वस्तीत, किबोकोनीच्या गल्लीत, कोण जन्मलं, कोण मेलं, कुणाच्या घरी कालवणात मीठ जास्त पडलं, हे सगळं तिच्या तोंडून बाहेर पडल्याशिवाय खरं होत नाही. ती मागे वळली, मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि दुकानातल्या चारही बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षांची सवत म्हणजे काय चेष्टा आहे? शेवटी देवानं मोकळं केलं तुला, मिझे. सुटलीस गं बाई." बायका हसल्या. मीही हसले. हसून झाल्यावर "हो" म्हटलं. दुकानदारानं पिठाची पिशवी माझ्या हातात दिली आणि मी बाहेर पडले. गल्लीत सावली होती. सावलीतून चालताना एकदम कळलं की आपण काय बोललो. रोजाच्या तोंडानं, माझ्या सवतीला, झुवेनाला, पुरून तीन महिने झालेले असताना, मी चार बायकांदेखत म्हणाले होते की मी सुटले. पाय थांबले नाहीत. पाय घरापर्यंत आले. पण तो शब्द कोरड्या घशात तसाच राहिला, पाणी प्यायची सोय नव्हती.

सवय होती, दुसरं काही नाही. आम्ही दोघी असंच बोलत आलो. झुवेना त्याच दुकानात उभी राहून सांगायची, "मिझेचं मयत झालं की मी आधी नवा खांगा घेणार, लाल, मग रडणार." मी पुढच्या आठवड्यात जाऊन सांगायची, "तिनं माझं कफन बघून ठेवलंय, मापही घेतलंय, फक्त मी मरत नाही म्हणून बिचारी खोळंबलीय." अख्खी गल्ली हसायची. सुरुवातीला ती भांडणं खरी होती, रक्त काढणारी होती. ती काठावर टोमणे छापलेले खांगे शोधशोधून विकत आणायची आणि मी अंगणात असले की नेमके तेच गुंडाळून माझ्यासमोरून जायची, पाठीवरची ओळ मला नीट वाचता यावी म्हणून जरा हळू. मी त्याहून कडू ओळीचा खांगा आणून तिच्या दोरीवर वाळत घालायची. पुढे केव्हातरी त्यातलं विष उतरलं, बोलणं तेवढं राहिलं. केव्हा ते मला सांगता येणार नाही. पण थट्टा दोघींची होती. दोघींतली एक गेली की उरलेलीची थट्टा थट्टा राहत नाही, हे बी नुरूच्या समोर उभं राहीपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी येऊन खवणीवर बसले. दोन नारळ खवले, तिसरा फोडून ठेवला. आज पलीकडे किसाउनीत ईद होती. बतूलीच्या सासरचे लोक दूरदेशी दिसलेला चंद्र मानतात, आम्ही जुन्या वस्तीतले आपल्या डोळ्यांनी दिसलेला मानतो, त्यामुळे त्यांची ईद आमच्या आधी एक दिवस होते. बतूली म्हणजे झुवेनाची मुलगी. लग्न झाल्यापासून तिला दोन ईदी. पहिल्या दिवशी सासरी, दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून आमच्याकडे, आईच्या ईदेला. मुलं काखेत, पोटात जागा ठेवून यायची, थेट स्वयंपाकघरात शिरायची आणि शेगडीजवळ जमिनीवर बसून परातीतली पहिली हमरी, नारळाच्या दुधातली तळून फुगवलेली गोड पुरी, उचलायची, फुंकत, बोटं भाजून घेत. आता आई नव्हती. मग उद्याची ईद कुणाची? मी नारळ खवत होते आणि हाच एक प्रश्न खवत होते. नवऱ्याची दुसरी बायको असते तिच्या मुलीशी, नवरा आणि ती बायको दोघं गेल्यावर, आपलं नातं काय उरतं? मी तिला न्हाऊमाखू घातलं, तिचे केस विंचरले, गोवर आला तेव्हा सात दिवस मांडीवरून उतरवलं नाही. ती मला मोठी आई म्हणायची. पण उद्या ती आली नाही तर तिला कुणी बोल लावू शकणार नाही, मी तर नाहीच. म्हणून मी दोन किलो मैदा आणला होता. एकट्या बाईला दोन किलो कशाला, असं दुकानदारानंही विचारलं नव्हतं, हे त्याचे उपकार.

पहिलं दूध पिळून वेगळं ठेवलं, दुसऱ्या दुधात साखर, कुटलेले वेलदोडे, यीस्ट. पीठ मळायला घेतलं. मळण्यात माझा कुणी हात धरू शकत नाही, हे मी नाही म्हणत, अथुमानी म्हणायचा, आमचा नवरा. किलिंदिनी बंदरात क्रेनवर होता. दिवसभर लोखंड उचलून घरी येणारा माणूस, पण हमरी बोटांत धरून ती किती हलकी आहे हे तोलून बघायचा. तो सगळं दोन-दोन आणायचा. दोन खांगे, दोन छत्र्या, दोन अत्तराच्या बाटल्या, एक माझ्या खोलीत, एक तिच्या. न्याय म्हणजे न्याय. पण चूल एकच होती, आणि झुवेना घरात आल्यानंतरच्या पहिल्या ईदेला आम्ही दोघी त्या एका चुलीपुढे उभ्या राहिलो. मी नऊ वर्षांची जुनी, सव्वीस वयाची, मूल नसलेली. ती एकोणीसची, आईकडून आणलेली जाड लोखंडी कढई काखेत घेऊन आलेली, तीन महिन्यांची पोटुशी. मी म्हटलं, या घरात ईदेच्या हमऱ्या मी करते. ती म्हणाली, कढई माझी आहे. आवाज इतके चढले की वरच्या मजल्यावरून सासूबाई खाली आल्या. त्यांनी दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मिझे, तू मळ. झुवेना, तू तळ. म्हणजे चांगल्या झाल्या तर कुणी नाक वर करायचं नाही, बिघडल्या तर दोघींच्या पाठीत." सासूबाई त्यानंतर दोनच वर्षं जगल्या. त्यांची आज्ञा अठ्ठेचाळीस वर्षं चालली. त्या ईदेनंतर या घरात मी एकदाही हमरी तळली नाही. तिनं एकदाही पिठाला हात लावला नाही. पीठ मळून, लाटून, प्रत्येक पोळीचे चार तुकडे कापून मी कापडावर मांडायची, कापड उचलून शेगडीजवळ ठेवायची आणि मागे सरायची. तिथून पुढे तिचं राज्य.

आणि तिच्या राज्यात फुगलेल्या हमरीला मान, न फुगलेलीला माझं नाव. त्या पहिल्याच ईदेला एक तुकडा तेलात तसाच चपटा राहिला. तिनं झाऱ्यावर उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, "ही बघा मिझे. पोटच नाही हिला." स्वयंपाकघरात शेजारच्या बायका होत्या. माझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसलं नाही, पण बायका एकदम गप्प झाल्या एवढं आठवतं. झुवेनानं मात्र ती चपटी हमरी फुंकून, तिथेच उभी राहून, सगळ्यांदेखत खाऊन टाकली. मला खाल्लं असं मला वाटलं. त्या रात्री मी उशी चावत रडले. त्यानंतर दर वेळी चपटी निघाली की ती ओरडायची, "आली गं मिझे!" आणि बाजूला ठेवायची, आणि सगळ्यांचं झालं की तेवढ्याच घेऊन कोपऱ्यात बसायची. पुढेपुढे बतूलीसुद्धा ओरडायची, "मोठी आई, तू आलीस बघ!" आणि मीही म्हणायची, "बसव मला तुझ्या आईच्या ताटात." सगळे हसायचे. पण माझ्या नावाची हमरी मी कधी तोंडात घातली नाही. तेवढा एक मान मी ठेवला होता.

पीठ झाकून ठेवलं. रोजा सोडला, खजूर आणि पाणी. गल्लीत पोरं ओरडली, चंद्र दिसला. मी वर जाऊन बघितला नाही. आम्ही दोघी मिळून बघायचो, गच्चीवर, मोतीबिंदूचे चार डोळे. मी म्हणायची तिकडे, ती म्हणायची तिकडे, आणि शेवटी दुसऱ्याच्या पोराला विचारून खाली यायचो. अथुमानी गेला त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा आम्ही इद्दतीला एकत्र बसलो, चार महिने दहा दिवस, एका खोलीत, पांढऱ्या कपड्यांत, बाहेर पाऊल नाही, अत्तर नाही, परका पुरुष दृष्टीस नाही. एवढे दिवस ती आणि मी कधीच एकमेकींसमोर बसलो नव्हतो. पहिला महिना भिंतीकडे बघितलं. दुसऱ्या महिन्यात तिनं विचारलं, "तो तुझ्याकडे असताना घोरायचा का गं?" मी म्हटलं, "खूप." ती म्हणाली, "माझ्याकडे नाही घोरायचा. तुझ्याकडे गाढ झोप लागत असणार." मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. पुढचे दिवस कसे गेले कळले नाहीत. आम्ही त्या एका माणसाच्या दोन अर्ध्या गोष्टी जुळवत बसलो होतो. इद्दत संपली तेव्हा तिचा मुलगा मस्कतहून आला होता, आईला कायमचं न्यायला. ती म्हणाली, "आणि इथे मिझेशी भांडणार कोण? भाड्यानं बाई ठेवायची का?" गेली नाही.

तिच्या मयताच्या दिवशी बायका आल्या. बतूलीच्या शेजारी बसल्या, तिचे हात हातात घेतले, कुराण वाचलं. मी दाराजवळच्या चटईवर होते. सगळ्यात शेवटी माझ्याकडे यायच्या, हात हातात घ्यायच्या आणि काय म्हणावं ते त्यांना सुचायचं नाही. नवऱ्यासाठी चार महिने दहा दिवस असतात. सवतीसाठी काहीच नसतं. चौथ्या दिवशी मी भांडी घासली, सातव्या दिवशी बाजारात गेले. पांढरं नेसावंसं वाटत होतं, पण कोणत्या तोंडानं? लोक म्हणाले असते, म्हातारी नाटक करते.

सकाळी मशिदीतून ईदेची तकबीर ऐकू येत होती तेव्हा मी तिची कढई शेगडीवर ठेवली. पीठ छान फुगलं होतं, बोट दाबलं की हळूच वर यायचं. लाटलं, कापलं, कापडावर मांडलं. मग नेहमीसारखी मागे सरले. मागे सरल्यावर लक्षात आलं की पुढे कुणी नाही.

तेल केव्हा तयार होतं ते माझा हात विसरला होता. हसण्यासारखी गोष्ट आहे, चौऱ्याहत्तर वर्षांची मोंबासाची बाई. डोळे मिटून आठवायला लागले. ती कढईशी वाकायची, कान तेलाकडे. बघायची नाही, ऐकायची. नखाएवढं पीठ टाकायची. मग तुकडा सोडायची आणि झाऱ्यानं गरम तेल त्याच्या पाठीवर उडवत राहायची, भरभर, आणि पुटपुटायची. काय पुटपुटायची? मी अठ्ठेचाळीस वर्षं दोन हातांवर उभी होते आणि मला ते ऐकू आलं नाही. मी तेव्हा शेवटचे तुकडे मोजत असायची, किंवा मनात तिला शिव्या देत असायची, किंवा पुढेपुढे, नुसतीच तिच्याकडे बघत असायची. पहिला तुकडा सोडला, तो तळाशी जाऊन बसला. दुसरा लगेच काळा पडला. कोळसे मागे ओढले. तिसऱ्यावर तेल उडवायला गेले तर मनगटावर आलं, कातडी लाल झाली. हमरी मात्र चपटी. चौथी चपटी, पाचवी, सहावी चपटी. एकीला कडेला जरा फुगवटा आला आणि झाऱ्यावर घेताच बसला. पूर्ण परात माझ्याच नावाची भरली. कुणी ओरडलं नाही.

दार वाजलं. बतूली हे दार वाजवून कधी उभी राहिली नव्हती, ढकलून आत यायची. मी हात पुसत गेले. तीच होती, एकटी, काळ्या बुईबुईच्या बुरख्यात, हातात झाकलेलं ताट. गल्लीच्या तोंडाशी नवऱ्याची गाडी उभी. ती आली होती. ईद तिची काल झाली होती, आई तिची उरली नव्हती, तरी ती आली होती.

"ईद मुबारक," ती म्हणाली. माझा हात हातात घेऊन ओठांना लावला, पाहुणीनं लावावा तसा. आणि आत न शिरता पुढच्या खोलीत, पाहुण्यांच्या खुर्चीवर बसली. "कशा आहात?"

"बरी आहे. मुलं?"

"आजोळी जायचं म्हणून सकाळपासून मागे लागली होती. नाही आणली." मग जरा थांबून, "ताप आहे धाकट्याला."

"चहा टाकते. तुरीचे दाणे आहेत नारळाच्या दुधातले. हमऱ्या…"

"नको. काल दिवसभर खाणंच चाललं होतं. बसा तुम्ही."

बसले. दोघी खिडकीकडे बघत राहिलो. तिच्या आईचं नाक, तिच्या बापाचे कान. लहानपणी ती विचारायची, माझं यातलं काय मोठ्या आईचं? मी म्हणायची, तुझा राग.

"भावाचा फोन होता मस्कतहून," ती म्हणाली. "म्हणाला, आईच्या वस्तू अशाच पडून राहू नयेत. कपडे मी नेलेच होते. ती कढई तेवढी राहिली."

"हो. तिचीच आहे. तिच्या आईनं दिलेली."

"घाई नाही. गरम असेल."

"तेल काढते, पाच मिनिटं." मी उठले नाही. "तू तळतेस?"

ती पहिल्यांदा हसली, वाकडं. "मी? आम्ही कोपऱ्यावरून विकत आणतो. तुम्ही दोघींनी मला शिकवलं कुठे? तुम्हाला विचारलं की म्हणायचात, आईला विचार, सगळं तेलात असतं. आईला विचारलं की म्हणायची, मोठीला विचार, सगळं पिठात असतं, मी नुसती उभी राहते. मी आपली या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"असं म्हणायची ती?"

"दर वेळी. म्हणायची, मोठीच्या हातचं पीठ असेल तर माकडानं तळलं तरी फुगेल."

मनगटावरचा फोड झोंबायला लागला. मी पदराखाली हात घेतला. बतूलीनं खाली बघितलं, बुईबुईची कड बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. लहानपणी खोटं बोलण्याआधी असं करायची, आणि खरं बोलण्याआधीही.

"काल संध्याकाळी बी नुरूची भाची आली होती आमच्याकडे ईदेला," ती म्हणाली. "ती सांगत होती. मी म्हटलं, असं मोठी आई म्हणणार नाही. ती शपथ घेऊन सांगत होती. दुकानात. खरं आहे?"

आता सांगायला हवं होतं. सगळं सांगायला हवं होतं, लाल खांग्याची थट्टा, कफनाची थट्टा, घोरण्याची गोष्ट, गच्चीवरचा चंद्र. पण ते सांगायला झुवेना शेजारी लागली असती. ती मध्येच म्हणाली असती, "खरंच सुटली ती, बघ कशी जाड झालीय," आणि बतूलीला सगळं कळलं असतं. माझ्या एकटीच्या तोंडून ते बाहेर आलं असतं तर सारवासारव झाली असती. मुलगी समोर बसली होती, आईची मुलगी, आणि तिला एक साधं उत्तर हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "म्हटलं मी तसं."

तिनं बोटाला गुंडाळलेली कड सोडली. मग "बरं" म्हणाली.

मी आत जाऊन तेल पातेल्यात ओतलं, कढई राखेनं पुसली, जुन्या खांग्यात बांधली. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, गरम होती तरी. उंबऱ्यापर्यंत गेली. दाराला पाठ टेकून चप्पल घालताना, माझ्याकडे न बघता, सवयीनं म्हणाली, "मोठी आई, दार लावून घे. मांजरं शिरतात." आणि थबकली. मग ती गल्लीतून गाडीकडे गेली. कढईच्या वजनानं एका बाजूला कलून चालत होती, अगदी झुवेनासारखी, पहिल्या दिवशी आली होती तशी.

दार लावून स्वयंपाकघरात आले. शेगडीत कोळसे धगधगत होते, वर काही नव्हतं. कापडावर उरलेले तुकडे फुगून एकमेकांना चिकटले होते. त्यांना तळायला आता घरात कढई नव्हती, आणि खायलाही कुणी नव्हतं. तिनं आणलेलं ताट उघडलं. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या हमऱ्या, गोल गरगरीत, सगळ्यांना पोट. ताट परत झाकलं. मग कोपऱ्यात, झुवेना बसायची तिथे, जमिनीवर बसले, आणि माझ्या परातीतली एक चपटी उचलून तोंडात घातली.

आत पोकळी नव्हती. कडेपासून कडेपर्यंत सगळा गरच, मऊ, ओलसर, नारळाच्या दुधानं गच्च. फुगलेल्या हमरीत वेलदोड्याचा वास तोंड लावताच वाफेबरोबर उडून जातो; हिच्यात तो तसाच बसून होता, शेवटच्या घासापर्यंत. दुसरी खाल्ली. तशीच. इतकी चांगली हमरी मी जन्मात खाल्ली नव्हती.

लबाड मेली. पहिल्या ईदेलाच तिला कळलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षं माझं नाव घेऊन, सगळ्या घराला हसवून, सगळ्यात चांगल्या तेवढ्या तिनं बाजूला काढल्या आणि कोपऱ्यात बसून एकटीनं खाल्ल्या. एकदाही मला म्हणाली नाही, मिझे, खाऊन बघ. किंवा वाट बघत असेल, मी मागेन म्हणून.

मी मान वर केली, तिला चांगलं फैलावर घ्यावं म्हणून.